गव्हाणीत बैलगाडी

शनिवारी सकाळी सातला फोन वाजला की समजावं, एक तर घरून आहे नाहीतर प्रॉडक्शनचा. मी खराडी बायपासला नगरच्या एस्टीची वाट बघत उभा होतो, म्हणजे मी निघालोय हे घरी ठाऊक होतं. राहिलं ते दुसरं.

"सर, काउंट जुळत नाहीये." टीममधली सगळ्यात नवी मुलगी. जेमतेम दोन वर्षांचा अनुभव. "साध्या एसक्यूएलने मोजले तर जास्त येतात, आपल्या प्रोसिजरमधून कमी."

"किती कमी?"

"एकोणीस."

एवढ्या मोठ्या टेबलात एकोणीस! मी म्हणलं, तुझ्या व्हेअरमध्ये काहीतरी सुटलं असेल, परत बघ. आणि एस्टीत चढलो. खिडकी मिळाली. वाघोली गेली, शिक्रापूर गेलं, शिरूरला चहा झाला. शिरूर सोडून घोड नदी ओलांडली की आमचा जिल्हा सुरू होतो. त्या पुलावर माझ्या लक्षात आलं की सुटलंय ते तिचं नाही, माझं.

हे सगळं पुराण लावतोय कारण त्यातून माझं एक मत बनलंय आणि ते आज ठासून मांडायचंय. स्नोफ्लेकच्या स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये एसक्यूएलअल्केमी नेऊ नका. नेता येते. चालतेही. तरी नेऊ नका.

आता पार्श्वभूमी. आमचा एक क्लायंट आहे, दुधाच्या धंद्यातला. नाव कशाला घ्या. गावोगावची संकलन केंद्रं, प्रत्येक केंद्रावर दूध घालणारे शेतकरी, रोजचं सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ, आणि दर दहा दिवसांनी होणारा दुधाचा पगार. (हो, आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात. नोकरदारांनी हसू नये, त्यांचा महिन्यातून एकदाच होतो.) हा सगळा डेटा स्नोफ्लेकमध्ये. 2024 साली दुधाचे भाव पडले होते. त्या जुलैत आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोतूळला, शेतकरी भावासाठी धरणं धरून बसले होते. राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान दिलं, ऑक्टोबरपासून ते 7 केलं. पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात. पण त्यासाठी डेअरीने प्रत्येकाची माहिती भरून द्यायची, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याच्या 12 आकडी नंबरासकट. माहितीत नाव नाही तर खात्यात पैसे नाहीत. इतकं सरळ.

आणि नेमकं त्याच ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी झाली होती, ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली, आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई आमच्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, 1725 चा जन्म. नाव बदलावं की नाही यावर आपल्याला इथे भांडायचं नाही. एका डेटा इंजिनिअरच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच होता. आमच्या जिल्हा कॉलममध्ये आधीच गोंधळ. इंग्रजीत 'अहमद'चं स्पेलिंग कुठे ई घालून, कुठे ए घालून (2011 च्या जनगणनेत ए आहे). कुठे नुसतं नगर, कुठे ए डॉट नगर, कुठे मराठीत. त्यात आता अहिल्यानगर, आणि अहिल्या आणि नगरच्या मध्ये स्पेस दिलेलं अहिल्या नगर. नुसत्या तालुक्याच्या नावावर जॉईन मारावा तर कर्जत आमच्याकडेही आहे आणि रायगडातही. अकोलेचं इंग्रजी स्पेलिंग कितीतरी कागदांवर अकोल्यासारखंच. गंमत म्हणजे ज्या गोष्टी आकड्यांत होत्या त्यांना काहीच झालं नाही. गाड्या एमएच 16 च राहिल्या, पिनकोड 414001 च राहिला, जनगणनेचा जिल्हा क्रमांक 522 तोच. तुटलं ते फक्त नावावर विसंबलेलं.

काम तसं छोटं. नावं एकसारखी करायची, आणि अनुदानासाठीची उत्पादकांची यादी नव्याने काढायची. माझ्याकडे कोड तयार होता. एसक्यूएलअल्केमीत लिहिलेला, माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षं सुरळीत चालणारा.

एसक्यूएलअल्केमीवर माझं प्रेम आहे, हे आधीच कबूल करतो. माइक बेयर यांनी 2006 साली पहिली आवृत्ती काढली, तेव्हापासून पायथनवाल्यांच्या दोन पिढ्या तिच्यावर वाढल्यात. तिचे दोन मजले आहेत. खाली कोअर. टेबलं पायथनमध्ये मांडायची, सिलेक्ट-जॉईन पायथनमध्ये लिहायचे, ती त्याचं योग्य त्या डेटाबेसचं एसक्यूएल करून देते. वर ओआरएम. तिथे टेबलातली ओळ म्हणजे एक पायथन ऑब्जेक्ट, तुम्ही ऑब्जेक्ट बदला, डेटाबेसमध्ये काय बदलायचं ते ती बघून घेईल. याशिवाय कनेक्शनं उघडणं, सांभाळणं, परत वापरणं, ही सगळी कटकट तीच करते. एकदा सवय लागली की हाताने एसक्यूएल लिहिणं म्हणजे हाताने कपडे धुण्यासारखं वाटायला लागतं.

तर ठरलं. हाच कोड उचलून स्नोफ्लेकच्या आत, पायथन स्टोअर्ड प्रोसिजर म्हणून बसवायचा. ती मुलगी तेव्हाच म्हणाली होती, "सर, हे दोन एसक्यूएलमध्ये होईल ना?" मी हसलो. सीनिअर लोक हसतात तसं.

पहिला अडथळा दारातच. माझा कोड नेहमीप्रमाणे अकाउंट, युझर, पासवर्ड घेऊन कनेक्शन उघडायला गेला. पण प्रोसिजर आधीच आत बसलेली! तिला बाहेरचं नेटवर्क वेगळी परवानगी दिल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे घरात सोफ्यावर बसलेल्या माणसाने स्वतःच्याच घराची बेल वाजवण्यासाठी बाहेर जायची परवानगी मागायची, असला प्रकार. शिवाय प्रोसिजरच्या कोडमध्ये पासवर्ड ठेवायचा, हे तर सांगायलाही लाज वाटते.

यावर तोड आहे, आणि ती वापरणारे पुष्कळ आहेत. स्नोफ्लेक प्रोसिजरला पहिल्याच आर्ग्युमेंटमध्ये तयार सेशन देतं. त्या सेशनच्या पोटात कनेक्शन असतं. एसक्यूएलअल्केमीच्या इंजिनला क्रिएटर नावाचा पॅरामीटर असतो. त्यातून सांगायचं, नवीन उघडू नकोस, हे घे. चाललं! मला वाटलं मी शहाणा.

दुसरा अडथळा ट्रान्झॅक्शनचा. एसक्यूएलअल्केमीचा पूल कनेक्शन परत घेताना सवयीने रोलबॅक म्हणतो. पुढच्याला स्वच्छ मिळावं म्हणून. चांगली सवय आहे. पण आमची प्रोसिजर ज्या स्क्रिप्टमधून बोलावली जात होती, तिने आधीच ट्रान्झॅक्शन उघडलेलं. स्नोफ्लेकचा नियम असा की ट्रान्झॅक्शन एक तर पूर्ण प्रोसिजरच्या आत किंवा पूर्ण बाहेर, अर्धं आत अर्धं बाहेर नाही. त्याने फटकारलं की दुसऱ्या हद्दीत सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन तुला इथून हलवता येणार नाही. बरोबरच आहे. उधारीच्या कनेक्शनवर माझी लायब्ररी मालकी गाजवत होती. मी पूलचं ते रोलबॅक बंद केलं. एक वळसा आणखी. तोवर माझ्या चाळीस ओळींच्या प्रोसिजरमध्ये निम्म्याहून जास्त ओळी एसक्यूएलअल्केमीला गप्प बसवण्यासाठी होत्या. तेव्हाच शंका यायला हवी होती.

हे दोन्ही अडथळे बरे, कारण ते ओरडले. तिसरा ओरडला नाही.

माझ्या मॉडेलमध्ये शेतकऱ्याची प्रायमरी की होती केंद्र क्रमांक आणि सभासद क्रमांक. केंद्र 101, सभासद 17 म्हणजे एकच माणूस. हे मी लिहिलं तेव्हा खरं होतं. मधल्या काळात क्लायंटने दुसरी एक छोटी डेअरी विकत घेतली. तिचीही केंद्रं 101 पासून. दोन्हींचा डेटा एकाच टेबलात आला. म्हणजे 101/17 आता दोन माणसं झाली, दोन गावातली, दोन तालुक्यातली.

साध्या डेटाबेसने दुसरी ओळ घेतलीच नसती. स्नोफ्लेक घेतं. त्याच्या नेहमीच्या टेबलात प्रायमरी की लिहिता येते, पण ती नोंदीपुरती असते, पाळली जात नाही. हे काही लपवलेलं नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहिलेलं आहे. अब्जावधी ओळींच्या वेअरहाऊसमध्ये प्रत्येक ओळीला दारात अडवून की तपासणं परवडणारं नसतं.

आणि ओआरएम? ओआरएमचा सगळा डोलारा त्या कीवर उभा. त्याच्याकडे आयडेंटिटी मॅप नावाचं रजिस्टर असतं. एका कीचा एकच ऑब्जेक्ट. 101/17 ची पहिली ओळ आली, ऑब्जेक्ट झाला. दुसरी आली, तो म्हणतो, अरे हा तर आपल्याकडे आहेच, आणि दुसऱ्या ओळीतलं नाव, गाव, बँक खातं सरळ सोडून देतो. जुन्या पद्धतीची क्वेरी असेल तर यादीतून एक माणूस कमी होतो. मोजलेले आणि आलेले जुळत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या एफएक्यूमध्येसुद्धा आहे. नव्या पद्धतीची असेल तर आणखी वाईट, कारण तिथे पहिलाच माणूस दोनदा येतो. काउंट बरोबर जुळतो आणि दुसरा माणूस गायब! त्यातही पहिला कोण, दुसरा कोण, हे नक्की नाही. ऑर्डर बाय नसेल तर ओळी कुठल्याही क्रमाने येणार. आज नेवाशाचा शेतकरी गायब, उद्या दुसऱ्या गावचा.

आमची क्वेरी जुन्या पद्धतीची होती हे नशीब. म्हणून एकोणीस कमी आले आणि त्या मुलीला दिसले.

तुम्ही म्हणाल, टेस्ट नव्हत्या का? होत्या ना! हाच तर माझा अभिमान होता. एसक्यूएलअल्केमी असल्यामुळे तोच कोड लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर तपासता येतो, सगळ्या टेस्ट हिरव्या. पण एसक्यूलाइट प्रायमरी की पाळतं. म्हणजे ज्या प्रकारच्या डेटामुळे गोंधळ झाला, तो डेटा माझ्या टेस्टमध्ये जन्मालाच येऊ शकत नव्हता. दोन वर्षं मी एक अशी परीक्षा घेत होतो जिच्यात तो प्रश्नच नव्हता.

घरी पोहोचलो तर नाना ओट्यावर बसलेले. गाव राहुरीच्या अलीकडे, चार एकर ऊस, दोन गाया. त्यांचं दूध या क्लायंटकडे जात नाही, आधीच सांगतो :-) माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं. आता वडिलांना स्टोअर्ड प्रोसिजर कशी सांगायची? मी उसावरून सांगायला लागलो.

ऊस तोडला की तासातासाने त्याचं वजन आणि साखर उतरत जाते. म्हणून ऊस लांब न्यायचा नसतो, कारखाना उसापाशी आणायचा असतो. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन सहकारी कारखाना उभा केला, त्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. तो प्रवरेच्या काठी उसाच्या मधोमध आहे, मुंबईच्या बंदराशेजारी नाही. डेटाचंही तसंच, म्हणलं. पूर्वी आम्ही डेटा ओढून आमच्या कॉम्प्युटरवर आणायचो आणि तिथे गाळायचो. आता डेटा एवढा झालाय की तो हलवायचा नाही, आमचा कोडच तिथे न्यायचा. स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे उसात उभा केलेला कारखाना.

"मग बिघडलं कुठं?"

म्हणलं, जी गाडी घेऊन आम्ही डेटा ओढायचो, ती चांगली होती, सवयीची होती. ती पण आत घेऊन गेलो.

नाना माझ्याकडे बघत राहिले. "गाडी गव्हाणीपाशी खाली करत्यात. गव्हाणीत घालत न्हाईत."

गव्हाण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: कारखान्यात ऊस जिथे ओततात आणि जिथून तो पट्ट्यावरून आत जातो, ती जागा. काट्यावर वजन होतं, गाडी गव्हाणीशी येते, मोळ्या आत पडतात, गाडी माघारी. बैलगाडी असो की ट्रॅक्टर, तिचं काम अंतर कापायचं. अंतर संपलं, काम संपलं.

एसक्यूएलअल्केमीतला इंजिन, पूल, ओआरएमचं सेशन हा सगळा भाग अंतर कापण्यासाठी आहे. तुमचा प्रोग्राम इकडे, डेटाबेस तिकडे, मध्ये नेटवर्क. कनेक्शन महाग, म्हणून पूल. प्रत्येक फेरी महाग, म्हणून आयडेंटिटी मॅप, म्हणजे एकदा आणलेली ओळ परत आणायला नको. प्रोसिजरच्या आत मध्ये काही उरतच नाही. सेशन हातात आहे, डेटा पायाशी आहे. जी अडचण नाही तिच्यावरचा इलाज तेवढा आपण सोबत नेतो, आणि त्या इलाजाची गृहीतकंही. कनेक्शन माझं आहे, ट्रान्झॅक्शन माझं आहे, की खरी आहे. वेअरहाऊसच्या आत यातलं एकही खरं नाही. शिवाय ओआरएमचा जीव एकेका ओळीत, आणि स्नोफ्लेक डेटा ठेवतं न बदलणाऱ्या मायक्रो-पार्टिशनमध्ये, कॉम्प्रेस करण्याआधी 50 ते 500 एमबीच्या. एका ओळीचं एक अक्षर बदललं तरी पार्टिशन नव्याने लिहिलं जाणार. जिल्ह्याचं नाव एकेका शेतकऱ्यासाठी बदलत बसणं म्हणजे काय, हे क्लायंटच्या बिलावर दिसतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: उद्या स्नोफ्लेक सोडलं तर? सगळं एसक्यूएल परत लिहायचं का? प्रश्न रास्त आहे, आणि मीही तोच पुढे करायचो. पण बघा, ज्या दिवशी तुम्ही स्टोअर्ड प्रोसिजर लिहायला घेतली, त्या दिवशी तुम्ही त्या वेअरहाऊसशी लग्न लावलं. प्रोसिजर उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आतली लायब्ररी कुठलीही असो. तिथे जाऊन पोर्टेबल राहायचा हट्ट म्हणजे सासरी राहायला जाऊन बॅग न उघडणं. पोर्टेबल राहायचंच असेल तर कोड बाहेर ठेवा, एअरफ्लोमध्ये ठेवा, कुठेही ठेवा, आणि तिथे एसक्यूएलअल्केमी खुशाल वापरा. तिथे अंतर आहे.

मग आत काहीच न्यायचं नाही? माझ्या मते खालचा मजला, कोअर, थोडासा. तोही फक्त एसक्यूएल लिहून घेण्यापुरता. टेबलांची मांडणी बाहेर एका जागी असेल आणि कॉलम पन्नासेक असतील, तर कोअरकडून स्नोफ्लेकच्या बोलीतलं वाक्य तयार करून घ्यायचं आणि ते सेशनच्या एसक्यूएल फंक्शनला द्यायचं. इंजिन नाही, पूल नाही, ऑब्जेक्ट नाही. पण दोन-चार वाक्यांचं काम असेल तर तेही कशाला, हाताने लिहा. माझ्यासारख्यांना ते जड जातं, कारण आपण लिहिलेली मॉडेलं आपल्याला सुंदर वाटत असतात. ती मुलगी जेव्हा "दोन एसक्यूएलमध्ये होईल" म्हणाली, तेव्हा मी तांत्रिक उत्तर दिलंच नव्हतं. मी माझ्या मॉडेलांचा बचाव केला होता.

शनिवारी रात्री मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, ओट्यावरच्या बल्बखाली, आम्ही ते परत लिहिलं. म्हणजे तिने पुण्यात बसून लिहिलं, मी चिलटं मारत वाचलं. जिल्ह्यांच्या नावांचं एक छोटं टेबल, जितकी रूपं सापडली तितक्या ओळी, प्रत्येकीसमोर जनगणनेचा क्रमांक. एक अपडेट, सगळ्या टेबलाला एकदम. मग यादीसाठी एक मर्ज. मर्ज चालवला आणि पहिल्याच फटक्यात आपटला. एका ओळीला दोन ओळी जुळतायत, मी पुढे जाणार नाही. स्नोफ्लेकचा मर्ज असा संदिग्ध प्रकार मुळात चालवून घेत नाही. जी गोष्ट माझ्या देखण्या कोडने गुपचूप गिळली होती, ती दहा ओळींच्या साध्या मर्जने तोंडावर सांगितली. मी इतका खूश झालो की नाना आतून म्हणाले, झोप आता.

रविवारी सकाळी कीमध्ये मूळ डेअरीचा कोड घातला. मर्ज गेला. साध्या एसक्यूएलचा काउंट आणि यादीचा काउंट एक आला. माझी प्रोसिजर मी स्वतः डिलीट केली, आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं की फरक तिने पकडला आणि मी आधी तो उडवून लावला होता. सोमवारी नवी यादी क्लायंटकडे गेली, मुदतीच्या आत.

पाठवण्याआधी ती एकोणीस नावं मी एकेक करून वाचली. 101/17 चा एक शेतकरी नेवाशाचा निघाला, तीन गाया. त्याच नंबरचा दुसरा कर्जतचा. आपल्याच कर्जतचा, रायगडच्या नव्हे. तेही तपासलं.